पंधरा तोफांचा फॅक्स

मोडेम किंचाळायला लागला, की भियासाहेब खुर्चीवरून उठून उभे राहायचे.

फॅक्स जाण्याआधी दोन्हीकडची यंत्रं फोनवर एकमेकांना शिट्या घालतात, थोडी खरखर करतात, मग गप्प होतात आणि कागद जायला लागतो. ऑफिसातल्या बाकीच्यांना तो आवाज दातातून कळ गेल्यासारखा वाटे. भियासाहेबांना तो मुजरा वाटे. “आधी ओळख, मग मान, मग मजकूर,” असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. “यंत्रांना जे कळतं ना ताईसाहेब, ते हल्ली माणसांना कळत नाही.” शिट्या संपून मजकूर सुरू झाला की ते लगेच बसत. दुसऱ्याचा मजकूर चालू असताना उभं राहणं म्हणजे डोकावणं, असं त्यांचं मत होतं.

देवासच्या एका पंपाच्या कारखान्यात ते ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. कारखान्यातले मिस्त्री माळव्याच्या रिवाजाप्रमाणे भेटेल त्याला ‘भिया’ म्हणत. यांची त्याला हरकत नव्हती. पुढे ‘साहेब’ लावलं पाहिजे, एवढाच आग्रह होता. त्यातून हे नाव तयार झालं. सलगी आणि अंतर एकाच हाकेत बसवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मे महिन्यातही अंगात बंद गळ्याचा कोट. कोटाच्या खिशात लाल शाईचं पेन. छापलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. कॅलेंडर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची सूचना, काहीही हाती आलं की ते आधी त्यातली चूक शोधत, लाल शाईने ती दुरुस्त करत आणि मगच वाचायला घेत. चूक सापडली नाही तर जरा हिरमुसत. एकदा बसच्या तिकिटावर त्यांनी ‘देवास’मधला पुसट झालेला काना भरून दिला होता, आणि कंडक्टरला तो दाखवून मगच जागेवर बसले होते.

त्यांचे आजोबा धाकट्या पातीच्या दरबारात होते. ज्यांना देवास माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्वी या एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, आणि दोन्हींची हद्द गावातून फिरत गेलेली. आजोबा दरबारात नक्की काय करत, हे भियासाहेब कधी सांगत नसत. मीही विचारलं नाही. आमचं घर धारचं. आमचेही पणजोबा ‘दरबारी’च होते, आणि पुढचा प्रश्न विचारायचा नाही हा आमच्याकडे घरचा शिष्टाचार होता. माळव्यातल्या प्रत्येक मराठी घराचा एक पूर्वज दरबारी आहे. एवढे सगळे दरबारात उभे राहत असतील तर राजाला बसायला जागा कुठे उरत होती, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

पुढे माझ्या आत्याकडून कळलं, की भियासाहेबांचे आजोबा फरासखान्यात होते. म्हणजे दरबार भरायच्या आधी सतरंज्या आणि लोड मांडायचे. कोणाचा लोड गादीपासून किती लांब, हे त्यांच्या हातात होतं. मी हे कळल्याचं भियासाहेबांना कधी जाणवू दिलं नाही. पण त्यानंतर मला ते जास्त समजायला लागले.

कारखाना दोन भावांचा होता. मोठे सेठ विक्री पाहत, छोटे सेठ वर्कशॉप. दोघे एका इमारतीत बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. का, याच्या अनेक हकिकती होत्या आणि प्रत्येक हकिकत सांगणारा शपथेवर सांगे. बोलायची वेळ आलीच तर मध्ये भियासाहेब लागत. दोघे समोरासमोर उभे असले तरी मोठे सेठ छताकडे बघून म्हणत, “इससे बोलो, कास्टिंग का माल कब निकलेगा.” भियासाहेब वळून म्हणत, “छोटे सेठ, बड़े सेठ जानना चाहते हैं कि कास्टिंग की कृपा कब होगी.” छोटे सेठ म्हणत, “बोल दो, जब निकलेगा तब निकलेगा.” भियासाहेब परत वळत: “शीघ्र ही, सेठजी.” निरोप जाताना त्याला झूल चढवायची, आणि येताना त्यातलं विष काढून घ्यायचं. त्यांना पगार कुठल्या कामाचा मिळत होता, ते मला इथे कळलं.

मी या कारखान्याच्या धार डेपोत काम करायची. संगणकाचं मला कळतं असा बोभाटा झालेला असल्यामुळे मला देवासला बोलावणं आलं. अडचण फॅक्सची होती. टेलिफोनची तार एक, आणि तिच्यावर दोन भावांची दोन फॅक्स मशीनं. मोठ्या सेठचा कागद अर्धा गेलेला असताना छोटे सेठ फोन उचलत, आणि पलीकडच्या माणसाला अर्धं दरपत्रक आणि उरलेल्या पानावर काळे पट्टे मिळत. दुसरी तार घ्यायची तर अर्जावर दोन्ही भागीदारांच्या सह्या लागत होत्या. एका कागदावर दोघांनी सही करायची, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण? अर्ज तसाच पडून होता.

मी पोचले त्या दिवशी आवारात फाटकापासून भट्टीपर्यंत चुन्याची एक सरळ रेघ मारलेली होती. वाटणीची. छोट्या सेठनी मोजणीदार आणून मारून घेतली होती, आणि मोठ्या सेठनी ती पुसायला लावली नव्हती. दिवाळीनंतर तिथे भिंत उठणार, असं सगळे म्हणत होते. भिंत उठली की आमचा धार डेपो बंद, हेही म्हणत होते, कारण तो कोणाच्याच वाट्याला नको होता.

“तुम्ही कुठल्या बाजूला जाणार, भियासाहेब?” मी विचारलं. दोन्ही भावांनी त्यांना आपल्याकडे यायला सांगून ठेवलं होतं.

“मी रेघेवर खुर्ची टाकीन,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “आमच्या आजोबांनी एका गावात दोन दरबार पाहिले, ताईसाहेब. तेव्हा ठीक होतं, तोफा होत्या. या दोघांकडे काय आहे? पंप. पंपाच्या जोरावर दोन संस्थानं चालत नाहीत. आता दोघांच्यात सामाईक म्हणून ही एक टेलिफोनची तार उरली आहे. ती नीट चालवा. बाकी मी बघतो.”

मी काय करणार ते त्यांना सांगितलं. एका जुन्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली घालायची, त्यावर फुकट मिळणारं फॅक्सचं सॉफ्टवेअर, मागे मोडेम, मोडेमला ती एकुलती एक तार. मग ऑफिसातल्या कुठल्याही टेबलावरून कागद पाठवा. तो जाऊन रांगेत उभा राहतो, पाळी आली की जातो. कोणी कोणाचा फोन उचलत नाही, कोणी कोणाला कापत नाही.

“रांगेत,” भियासाहेब म्हणाले. तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला. “आणि रांग कोण लावतं?”

“सॉफ्टवेअर.”

“नाही, नाही. कोणत्या नियमाने?”

मी म्हटलं, साधारण आल्या क्रमाने. पण हवं तर प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा घालता येतो, त्या आकड्याप्रमाणे पुढे-मागे होतं. त्याची आपल्याला गरज नाही. भियासाहेबांनी मान हलवली. माझं शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, हे तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संगणक सुरू झाला, तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. बाकीचे लोक चित्रं कुठे आहेत म्हणून बघत राहिले. भियासाहेबांना तो एकदम पसंत पडला. “हे बरं आहे. याच्याशी बोलावं लागतं. नुसतं बोट दाखवून काम सांगायची सवय वाईट.” अर्धवट आज्ञा दिली की यंत्र नकार देतं आणि नकाराचं कारण सांगतं, हेही त्यांना फार आवडलं. पण या यंत्राचा एक सर्वाधिकारी असतो, त्याला काहीही बदलता येतं, असं मी सांगितल्यावर ते गंभीर झाले.

“तो कोण असणार?”

“तुम्ही सांगाल तो.”

“दोघांपैकी एकही नको,” ते म्हणाले, आणि परवलीचा शब्द स्वतःकडे घेतला. तो काय होता ते मला माहीत आहे, पण त्यात तीन पदव्या होत्या एवढंच सांगते.

मग मायन्याचं काम निघालं. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फॅक्सच्या वर एक पहिलं पान आपोआप लागतं: कोणाकडून, कोणाला, किती पानं. त्याचा एक नमुना करून ठेवायचा असतो. भियासाहेबांनी नमुने केले सहा. सरकारी खात्याला एक, बँकेला एक, व्यापाऱ्याला एक, वगैरे. धार डेपोला जाणारा नमुना मराठीत होता. आम्हाला तो यायचा तेव्हा पानभर ‘राजमान्य राजश्री, अखंडित लक्ष्मी अलंकृत’ असं काय काय असायचं आणि शेवटी यायचं, ‘वॉशर पाठवीत आहोत, पोच द्यावी.’ पोच द्यायला आम्ही लाजायचो. तेवढ्या मायन्याला नुसतं ‘मिळाले’ म्हणून कसं कळवायचं?

या सहा नमुन्यांवर काम चाललेलं असतानाच त्यांनी मला तोफांचं सांगितलं. इंग्रजांच्या राज्यात प्रत्येक संस्थानिकाला किती तोफांची सलामी, ते ठरलेलं असे, आणि सगळं मानपान त्या आकड्यावर चाले.

“धारला पंधरा,” ते माझ्याकडे जरा मेहेरबानीने पाहत म्हणाले, “आणि देवासला दोन्ही पात्यांना पंधरा-पंधरा. कमी नाही, जास्त नाही.”

“म्हणजे एका गावाला तीस.”

“अशी बेरीज करत नाहीत, ताईसाहेब,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

सगळं लावून मी धारला परतले. आमच्याकडचं फॅक्स मशीन तिरल्याच्या रस्त्यावर डेपोच्या चौकीत होतं, कारण टेलिफोन चौकीत होता. चौकीदाराला मी शंभरदा बजावलं होतं की घंटी वाजली तर उचलायचं नाही, मशीनला उचलू द्यायचं. तो इमानी माणूस. घंटी वाजली आणि आपण हात बांधून बसलो, हे त्याला जमत नसे. तो उचले आणि मोडेमच्या शिट्यांना ओरडून विचारे, “कौन बोल रिया है भिया? जोर से बोल, सीटी मत मार!” तिकडे देवासला सॉफ्टवेअर आपलं कागद बाजूला ठेवी आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करी. चिडत नसे, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. भियासाहेबांनी एकदा फोन करून चौकीदाराला सुनावलं, “अरे, ते तुला मुजरा करतंय आणि तू त्याला दटावतोस?” चौकीदाराने मला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

चार-पाच महिने छान गेले. नुसते छान नव्हे, तर कारखान्यात चमत्कार वाटावा इतके. सगळ्यांचे कागद पूर्ण, मध्येच न कापता पोचत होते. दोघा भावांतलं भांडणसुद्धा निवल्यासारखं झालं होतं. पूर्वी सकाळी डोकं फिरलं की दोघे आपापल्या इंदूरच्या वकिलाला जळजळीत फॅक्स पाठवत, आणि दुपारपर्यंत दोन्हीकडून नोटिसांची भाषा सुरू होई. आता तसं काही होत नव्हतं. वकिलांकडे कागद संध्याकाळी पोचत, कधी त्यांची मशीनं बंद झालेली असत आणि कागद दुसऱ्या दिवसावर जाई. तोवर ज्याने लिहिला त्याचाच राग उतरलेला असे. हे कशामुळे होतंय, कोणालाच समजत नव्हतं. भियासाहेब त्याचं श्रेय मायन्याला देत होते. “एकदा वर ‘आदरणीय’ लिहिलं ना, की खाली शिवी लिहायला हात धजत नाही.”

मग दिवाळीच्या तोंडावर ती मागणी निघाली. एका सरकारी खात्याला धार जिल्ह्यातल्या नळयोजनांसाठी पंप हवे होते, तिरला, अमझेऱ्यापासून थेट डहीपर्यंत. दरपत्रकं फॅक्सने मागवली होती, ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. एवढं मोठं काम कारखान्याने आजवर केलेलं नव्हतं. ते मिळालं तर पुरवठा होईपर्यंत कारखाना एकाच नावाने चालवणं भाग होतं, म्हणजे भिंत नाही आणि आमचा डेपोही शाबूत. नाही मिळालं, तर चुन्याच्या रेघेवर पाया खणायचा, हे दोघांच्या वकिलांनी ठरवूनच ठेवलं होतं.

दराची पानं मोठ्या सेठकडे, पंपाच्या तांत्रिक माहितीची पानं छोट्या सेठकडे. एकाशिवाय दुसरं निरुपयोगी. पण दोघांनी आपापली पानं आपापल्या टेबलावरून वेगवेगळी पाठवली, कारण एकत्र करायची तर कोणीतरी कोणाच्या खोलीत जायला हवं होतं.

मी त्या दिवशी मोडेम तपासायला म्हणून देवासलाच होते. चार वाजून गेल्यावर मोठे सेठ भियासाहेबांच्या खोलीत आले. पाठोपाठ दुसऱ्या दाराने छोटे सेठ. एका खोलीत दोघे आपण होऊन आलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

“मेरा कागज दोपहर का पड़ा है,” मोठे सेठ छताला म्हणाले. “इसने रोक के रखा है.”

“छोटे सेठ, बड़े सेठ का अनुमान है कि—”

“अनुमान गया भाड़ में! मेरा खुद का नहीं गया! बोल दो इनको, लाइन इन्होंने दबा रखी है.”

भियासाहेबांनी वळून तोंड उघडलं, पण यात काढून घ्यायचं विष इतकं होतं की मागे काही उरत नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पडद्यावर रांग मागवली. आत्ता तारेवर कँटीनवाल्याचा कागद होता. दिवाळीची मिठाई आणि सेव, इंदूरच्या दुकानदाराला, पानामागून पानं. त्याच्या मागे डिस्पॅच, त्याच्या मागे अकाउंट्स. सगळ्यात खाली, एकाखाली एक, दोघे सेठ. प्रत्येक नावापुढे एक आकडा होता. मी तर कुठलाही आकडा घातला नव्हता.

“हे कोणी केलं?”

“मी,” भियासाहेब म्हणाले. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही दिसत नव्हतं. “तुम्ही धारला गेल्यावर. मानाप्रमाणे लावलं. दोघा सेठना पंधरा-पंधरा. अकाउंट्सला नऊ. डिस्पॅचला पाच. कँटीनला एक.”

“भियासाहेब, इथे लहान आकडा आधी जातो. मी छापून दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय तसं.”

“ते मी वाचलं,” ते म्हणाले. “ती छपाईची चूक होती. मी दुरुस्त केली.”

पुस्तिका टेबलावरच होती. लाल शाईने त्यांनी ‘लहान’ खोडून ‘मोठा’ केलं होतं, वर टीपही दिली होती. कँटीनची सेव शांतपणे इंदूरला जात होती.

मोठे सेठ छतावरून खाली आले. “मतलब मैं इतने महीने से कैंटीन के पीछे खड़ा हूँ?”

“आप दोनों, सेठजी.”

“यह भी?” त्यांनी भावाकडे पाहिलं. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातली तेवढीच गोष्ट त्यांना जरा बरी वाटली.

“दोनों को पंद्रह,” भियासाहेब म्हणाले. “एक भी तोप कम नहीं, सेठजी.”

“और आपका कितना है?” छोट्या सेठनी विचारलं.

भियासाहेबांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. “शून्य. नौकर आदमी को काहे की तोप.”

“वाह! हम सबसे पीछे, और खुद जीरो लेके सबके आगे बैठ गए!”

भियासाहेबांचा चेहरा उतरला. चूक झाली हे त्यांना पचत होतं. चुका सगळ्यांच्याच होतात, छापखान्यांच्या तर रोज. पण आपण दरबारात आपला लोड पुढे सरकवला, असं कोणी म्हणेल, हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. “मेरे नाम से आज तक एक कागज नहीं गया, छोटे सेठ,” ते म्हणाले. हे खरं होतं. पाठवायचं तर कोणाला?

घड्याळात पाचाला थोडा वेळ होता. दोघांची पानं दोन वेगळे कागद म्हणून पाठवली असती तर एक गेला असता, दुसरा राहिला असता. मी म्हटलं, “सगळी पानं एकत्र करू, आणि भियासाहेबांच्या नावाने पाठवू. शून्य आहे. कँटीनचं संपलं की पुढचा नंबर त्यांचाच.”

“नाही,” भियासाहेब म्हणाले. “वर ‘पाठवणार’ म्हणून माझं नाव येईल. सरकारी खात्याला जाणारा मायना आहे तो. मालकांच्या कागदावर नोकराचं नाव जात नाही.”

“मग आकडे बदलते. कोणाला पुढे घालू?”

मोठ्याला घातलं तर छोटे बिथरणार, छोट्याला घातलं तर मोठे. भियासाहेब दोघांच्या मध्ये उभे होते. इतकी वर्षं ते तिथेच उभे होते, पण त्या दिवशी त्यांना तिथे खरोखरच जागा कमी पडत होती.

मोठ्या सेठनी हात पुढे केला. छताकडे नाही, सरळ समोर. “ला, तेरे पन्ने दे.”

“छोटे सेठ,” भियासाहेब सवयीने वळले, “बड़े सेठ आपके पत्रकों की—”

“सुन लिया, भिया,” छोटे सेठ म्हणाले, आणि त्यांनी पानं भावाच्या हातात दिली.

‘साहेब’ गळलं होतं. भियासाहेबांनी ते ऐकलं.

मी पानं एकाखाली एक लावली. “मायना कुठला?” मी विचारलं. “सरकारी,” ते खुर्चीत बसून म्हणाले, “आणि माझं नाव बारीक घ्या.” बारीक घेता येत नव्हतं, नमुना त्यांनीच केला होता आणि ‘पाठवणार’ची अक्षरं त्यांनीच ठळक ठेवली होती. कँटीनचं शेवटचं पान गेलं, तार मोकळी झाली, मोडेमने नंबर फिरवला आणि शिट्या सुरू झाल्या. भियासाहेब उठून उभे राहिले. मग, का कोणास ठाऊक, दोघे सेठही सरळ झाले. पाच वाजायच्या आत पोच आली.

दुसऱ्या दिवशी मी आकडे नीट लावून द्यायला बसले. भियासाहेब आधी एकेकाच्या खोलीत विचारून आले. मोठ्या सेठना एक नंबर हवा होता. छोट्यालाही एकच देऊ का, म्हटल्यावर ते म्हणाले, नको. छोट्या सेठचं उत्तर अक्षरशः तेच. मग भियासाहेबांनी विचारलं, की आहे तसं राहू देऊ का, दोघे पंधरा, सगळ्यात शेवटी? त्याला मात्र दोघेही हो म्हणाले. वरची बरोबरी दोघांनाही सोसत नव्हती, खालची चालत होती. तोफांच्या काळी हे कोणाला सुचलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

तेव्हापासून घाईचा कागद असला की तो भियासाहेबांच्या नावाने जाई. त्यासाठी दोघांनाही त्यांच्या टेबलापर्यंत यावं लागे. कधी एकाच वेळी येत. तिथे उभ्याउभ्या कास्टिंगचं विचारून होई, मालाचं सांगून होई. भियासाहेब मध्ये पडायचे थांबले. निदान तसा प्रयत्न तरी करू लागले. एखादं वाक्य फारच उघडंवाघडं गेलं तर मागून ‘शीघ्र ही’ एवढं जोडत.

खात्याचं उत्तर दिवाळीनंतर टपालाने आलं. मी महिन्याचा हिशोब घेऊन देवासला गेले होते, म्हणून मला पाहायला मिळालं. पाकिटावर भियासाहेबांचं नाव होतं. दरपत्रक ज्याच्या नावाने आलं, त्याला खात्याने उत्तर धाडलं होतं. भियासाहेबांनी ते फोडलं नाही. दोघांना निरोप पाठवले आणि पाकीट टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवून वाट पाहत राहिले.

दोघे आले. पाकिटाला कोणी हात लावेना.

“नाम आपका है,” मोठे सेठ म्हणाले. “खोलो.”

भियासाहेबांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला, आणि सवयीप्रमाणे उभे राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी बाजूला होते, मला कागद दिसत होता. वर त्यांचं नाव होतं, आणि नावापुढे टंकलेला एकच शब्द: मालक.

लाल पेन खिशातच होतं. तिकडे हात गेला नाही. भियासाहेबांनी आपलं नाव वाचलं, मग एकदम पत्ता वाचला, आणि मग मजकूर. दर मंजूर होते. पंप एकाच कारखान्याच्या शिक्क्याने, धार डेपोतून, टप्प्याटप्प्याने द्यायचे होते. म्हणजे तोवर तरी भिंत नाही.

छोटे सेठ बारीक कानाचे होते. “ऊपर कुछ छोड़ दिया आपने,” ते म्हणाले. “नाम के बाद क्या लिखा था?”

“कुछ नहीं, छोटे सेठ,” भियासाहेब म्हणाले. “छपाई की गलती है.”